७५० वॅटची ब्रेकवाली सर्व्हो मोटर: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या मिलिंग मशीनचं डोकं वर-खाली करणाऱ्या झेड अक्षाच्या मोटरवर तळहात ठेवला आणि दोन आकडे मोजायच्या आत उचलावा लागला. मशीन सुरू करून जेमतेम चाळीस मिनिटं झाली होती. काम साधंच होतं, ॲल्युमिनियमच्या प्लेटमध्ये सहा मिलिमीटरची भोकं. टेबल सरकवणाऱ्या एक्स अक्षाच्या मोटरला हात लावला तर ती नुसती कोमट. दोन्ही मोटरी एकाच कंपनीच्या, एकाच वॅटच्या, एकाच दिवशी खोक्यातून काढलेल्या. फरक एवढाच की झेडच्या मोटरला मागे ब्रेक आहे.

या मोटरींबद्दल लिहायला मी चौदा महिने थांबलो. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर "झेडची मोटर सदोष आहे, घेऊ नका" असं लिहून मोकळा झालो असतो, आणि ते साफ चुकीचं ठरलं असतं. कंपनीचं नाव इथे देत नाही. याच मापाच्या मोटरी कितीतरी नावांनी मिळतात आणि मी जे सांगणार आहे ते त्या सगळ्यांना लागू पडतं.

आधी मशीनबद्दल. मी घरी दुर्बिणींची माउंट, म्हणजे दुर्बीण पेलून फिरवणारे आधार, बनवतो. गिअरची खोकी, बेअरिंगच्या बैठका, असली कामं. त्यासाठी हाताने चालणारं एक डोव्हटेलचं मिलिंग मशीन घेतलं, जुने स्क्रू काढून ५ मिलिमीटर लीडचे (एका फेऱ्यात तेवढं सरकवणारे) बॉलस्क्रू बसवले आणि तिन्ही अक्षांना मोटरी लावल्या. सुरुवातीला स्टेपर होत्या, म्हणजे मोजून पावलं टाकणाऱ्या पण आपली जागा न तपासणाऱ्या मोटरी. खोल ड्रिलिंगला झेड कधीतरी एखादी स्टेप चुकायचा आणि ते कळायचं जॉब वाया गेल्यावर. म्हणून आपली जागा सतत तपासत राहणाऱ्या सर्व्होकडे वळलो. ७५० वॅट, ३००० आरपीएम, २.४ न्यूटन-मीटर, ८० मिलिमीटरचा फ्लँज (मोटर ज्यावर बसवतात ती पुढची बाजू), १९ मिलिमीटरचा शाफ्ट. सोबत ड्राइव्ह (मोटरला चालवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी), एनकोडरची (शाफ्टची जागा मोजणाऱ्या भागाची) केबल आणि मोटरची केबल.

मोटर म्हणून ती उत्तम आहे. शाफ्टचा रनआउट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, माझ्या डायल इंडिकेटरवर काट्याच्या जाडीइतकाही दिसला नाही. फ्लँजची कडा इतकी नेमकी की प्लेटमधल्या बोअरमध्ये हलक्या दाबाने बसली. हळू फिरवताना झटके नाहीत. ड्रिल अडकलं तर ड्राइव्ह अलार्म देऊन थांबतो, स्टेपरसारखी गुपचूप जागा सोडत नाही. मोटर घ्यायला एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

आता तापण्याचं. स्टेपर वापरणाऱ्याच्या हाताला एक सवय लागलेली असते. स्टेपर उभी असतानाही पूर्ण प्रवाह खाते, त्यामुळे ती गरमच असणार असं आपण धरून चालतो. मीही तेच केलं आणि तीन आठवडे तसंच मशीन चालवलं. सर्व्होचं गणित वेगळं आहे. ती लागेल तेवढाच प्रवाह घेते. काम नाही तर उष्णता जवळजवळ नाही. म्हणजे सर्व्हो तापली तर तिला कोणीतरी राबवतं आहे, आणि ते कोण हे शोधावंच लागतं.

पहिला घोळ तापमान मोजण्यातच झाला. माझ्याकडे लांबून नेम धरून मोजायचं इन्फ्रारेड तापमापक आहे. ते मी फ्लँजवर धरत होतो आणि ते ३६ अंश दाखवत होतं. हाताला चटका बसतोय आणि आकडा ३६! उघडं, चकचकीत ॲल्युमिनियम स्वतःची उष्णता फारशी बाहेर फेकत नाही, आजूबाजूचीच परावर्तित करतं, म्हणून असं तापमापक तिथे फसतं. फ्लँजवर काळ्या इन्सुलेशन टेपचा बोटभर तुकडा चिकटवला, पाच मिनिटं थांबलो, परत नेम धरला. ७१. मोटरच्या काळ्या अंगावर ७८. त्या दिवसापासून तिन्ही मोटरींवर टेपचा एकेक तुकडा आहे आणि मोजमाप फक्त तिथेच.

बाहेरून ७८ म्हणजे आतली वेटोळी त्याहून बरीच जास्त गरम. नेमप्लेटवर इन्सुलेशन 'एफ' वर्गाचं आहे, म्हणजे १५५ अंशांपर्यंतचं, तेव्हा वायंडिंग लगेच जळणार नव्हतं. मला काळजी होती मागच्या टोकाला बसलेल्या एनकोडरची. ते इलेक्ट्रॉनिक्स आहे, तांब्याइतका ताप त्याला सोसत नाही. शिवाय बेअरिंगचं ग्रीस, आणि रोटरवरची चुंबकं, जी तापतील तशी दर अंशाला थोडी थोडी दुबळी होतात. चुंबक दुबळं झालं की तेवढाच जोर काढायला प्रवाह जास्त लागतो आणि उष्णता पुन्हा वाढते.

जो उपाय कोणालाही आधी सुचेल तोच मी केला. ८० मिलिमीटरचा पंखा लावला. ७८ चे ६६ झाले. दोन दिवस बरं वाटलं. मग ड्राइव्हच्या डिस्प्लेवर टॉर्कची (मोटर लावत असलेल्या फिरवण्याच्या जोराची) टक्केवारी लावून ठेवली आणि मशीनसमोर स्टूल घेऊन बसलो. पंखा लावण्याआधी जे आकडे होते तेच आत्ताही होते. पंख्याने उष्णता वाहून नेली, पण ती निर्माण का होते याबद्दल तो काहीच सांगत नव्हता.

हे आकडे मात्र नीट बघण्यासारखे आहेत. माझ्या मशीनचं डोकं स्पिंडलसकट ५५ किलोचं आहे, बसवण्याआधी तोलून घेतलं होतं. ५ मिलिमीटर लीडच्या स्क्रूवर तेवढं वजन नुसतं धरून ठेवायला साधारण ०.४३ न्यूटन-मीटर लागतात, म्हणजे मोटरच्या क्षमतेच्या १८ टक्के. वर जाताना यात घर्षणाची भर पडते, खाली येताना घर्षण वजा होतं. तेव्हा खाली येताना मोटरला आराम मिळायला हवा. सकाळी थंड मशीनवर बघितलं तर वर जाताना ३८, खाली येताना जवळजवळ शून्य. घर्षण जरा जास्त वाटलं, पण हिशेब जुळत होता. अर्ध्या तासाने, दोन टूल बदलल्यावर, वर जाताना ८० आणि खाली येताना उणे ४४! म्हणजे ५५ किलोचं डोकं खाली आणायलाही मोटरला ढकलावं लागत होतं. मशीन गरम झालं की तेल पातळ होतं, स्लाइड सैल चालते. इथे सगळं उलटं.

काहीतरी शाफ्टला धरून बसलं होतं. शाफ्टला धरून बसणारी वस्तू त्या मोटरमध्ये एकच असते.

हा ब्रेक वीज गेल्यावर डोकं खाली कोसळू नये म्हणून असतो. स्प्रिंगने तो कायम बंद राहतो आणि २४ व्होल्ट मिळाले की कॉइल ओढून त्याला उघडते. मी टूल बदलताना दर वेळी इमर्जन्सी स्विच दाबतो, त्यामुळे दर वेळी ब्रेक बंद होतो आणि परत उघडतो. स्पिंडल बंद ठेवून मोटरच्या पाठीशी कान नेला. सकाळी थंड मोटरला ब्रेक उघडताना स्पष्ट 'टक्' ऐकू येत होतं, काचेवर नखाने टिचकी मारावी तसं. गरम मोटरला तोच आवाज दबलेला, 'थप्'. मग मोटरच्या कनेक्टरवरच मल्टीमीटर लावला. २०.१ व्होल्ट.

माहितीपत्रकात ब्रेकला २४ व्होल्ट, अधिक-उणे १० टक्के, असं लिहिलेलं आहे. म्हणजे २१.६ च्या खाली जायला नको. माझ्याकडे कामाचा दिवा, कूलंटचा व्हॉल्व्ह, रिले आणि ब्रेक असं सगळं एकाच लहान सप्लायवर होतं आणि सगळ्यांची परतीची तारही एकच, पाव चौरस मिलिमीटरची, सहा मीटर लांब. सप्लाय मुळात २३ च्या आतबाहेर, त्यातले जवळजवळ तीन व्होल्ट तारेतच जात होते.

थंड असताना हा ब्रेक कसाबसा उघडायचा. पण तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. कॉइल २५ वरून ८५ अंशांवर गेली की रोध जवळजवळ पाव पटीने वाढलेला असतो. व्होल्टेज आधीच कमी, त्यात रोध वाढलेला. दोन्हींचा हिशेब केला तर कॉइलला ठरलेल्या प्रवाहाच्या दोन तृतीयांशच मिळत होता. म्हणून ब्रेक अर्धवट उघडायचा, अस्तर घासत राहायचं, घासण्याने मोटर तापायची, तापल्यामुळे ब्रेक आणखी कमी उघडायचा. एक न्यूटन-मीटरचं घर्षण १००० आरपीएमला सुमारे १०५ वॅट उष्णता देतं. पेक ड्रिलिंगमध्ये, म्हणजे थोडं भोक पाडून ड्रिल परत वर काढत जाताना, झेड सतत वर-खाली पळत असतो, म्हणजे मोटरच्या बंद पोटात अधूनमधून हीटरच चालू होत होता. पंखा त्याला कसा पुरणार?

ब्रेकला स्वतंत्र २४ व्होल्टचा सप्लाय दिला, दोन्ही तारा वेगळ्या आणि जाड. कॉइलवर उलटा डायोड टाकला, नाहीतर कॉइलची वीज तोडताना जो झटका येतो तो रिलेचे संपर्क खातो. हे करण्याआधी डोक्याखाली लाकडाचे दोन ठोकळे घातले. तुम्हीही घाला. ब्रेकच्या तारा सोडल्यावर डोकं स्प्रिंगच्या भरवशावर असतं आणि ते अस्तर किती झिजलं आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. कनेक्टरवर आता २३.९ मिळतात, गरम असतानाही 'टक्' स्पष्ट वाजतं आणि पंखा बंद ठेवून ७८ चे ५८ झाले.

या किटवर माझी सगळ्यात मोठी तक्रार याच जागी आहे. मॅन्युअलमध्ये अलार्मचे क्रमांक पंधरा पानं आहेत आणि ब्रेकच्या वायरिंगला अर्धा परिच्छेद. व्होल्टेज सप्लायवर नव्हे, मोटरच्या कनेक्टरवर मोजा, एवढं एक वाक्य असतं तर माझे तीन आठवडे आणि ब्रेकच्या अस्तराचं काही आयुष्य वाचलं असतं. ज्या वस्तूवर ५५ किलो लोंबकळत राहणार तिच्याबद्दल इतकं कमी लिहिणं मला अजिबात पटत नाही.

उरलेल्या ५८ ला मात्र मीच कारण होतो. मशीन बदलताना झेडमध्ये अजिबात खेळ नको म्हणून मी गिब, म्हणजे स्लाइडमधली फट कमी-जास्त करणारी पट्टी, आवळून बसवली होती. वर ३८ आणि खाली शून्य याचा अर्थ घर्षणच २० टक्के. गिबचा स्क्रू आठवा हिस्सा फिरवून सैल केला, डायल लावून खेळ तपासला, पुन्हा किंचित सैल केला. वर २७, खाली ९. ऐकायला फरक मोठा वाटत नाही, पण वेटोळ्यांतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. ३८ चा वर्ग आणि २७ चा वर्ग यांत दुपटीचा फरक आहे. वर जाताना होणारी उष्णता गिबच्या एका स्क्रूने निम्मी झाली.

हाच वर्ग गॅस स्प्रिंगबद्दलही एक गोष्ट सांगतो, ती ऐकून मला स्वतःला आश्चर्य वाटलं होतं. झेड तापतो म्हटलं की जो तो "गॅस स्प्रिंग लाव, डोक्याचं वजन मोटरवर नको" असं सांगतो. पण नुसतं धरून ठेवायला १८ टक्के टॉर्क लागतो आणि ०.१८ चा वर्ग होतो ०.०३२. म्हणजे पूर्ण भाराला जी उष्णता होते तिच्या सुमारे तीन टक्के! तेवढ्याने मोटर चटका देईल इतकी तापत नाही. गॅस स्प्रिंग मी नंतर लावल्या, प्रत्येकी १८० न्यूटनच्या दोन, आणि त्या लावाव्यात असंच मी म्हणेन. उभा भार ६ टक्क्यांवर आला, वर जाताना १५, आणि ब्रेकवरचं ओझं दोन तृतीयांशाने उतरलं. फक्त चटका बसतोय म्हणून आधी गॅस स्प्रिंग आणायला धावू नका. खरा दोष तसाच राहतो.

एक्सच्या मोटरची गोष्ट छोटी आहे. टेबल थांबलेलं असतानाही ती बारीक गुणगुणत होती आणि कोमट राहत होती. ड्राइव्हच्या ऑटो-ट्यूनने (आपोआप होणाऱ्या जुळवणीने) कडकपणा, म्हणजे जागा धरून ठेवायचा हट्ट, फार चढवला होता. दोन पायऱ्या खाली आणला, गुणगुण थांबली, मोटर खोलीच्या तापमानाजवळ आली, कटवर काही फरक पडला नाही. मशीन थांबलेलं असताना मोटरीतून आवाज येत असेल तर ती जागच्या जागी पुढे-मागे करत प्रवाह खात असते.

मोटर ज्यावर बसते त्या प्लेटबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण कॅटलॉगमधला आकडा तिच्याशी बांधलेला आहे. सर्व्हो मोटरची रेटिंग बहुतेक वेळा ती एका ठरावीक मापाच्या ॲल्युमिनियम प्लेटवर घट्ट बसवून काढलेली असते. ती प्लेटच मोटरचा रेडिएटर. माझी झेडची मोटर चार स्टीलच्या खांबांवर उभी होती, कारण कपलिंगपर्यंत हात जायला हवा होता. फ्लँजची उष्णता जाणार तरी कुठे? ॲल्युमिनियम स्टीलच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं, आणि माझ्याकडे तर स्टील, तेही बोटभर जाडीचे चार खांब. अशा माउंटवर २.४ न्यूटन-मीटर कायम मिळतील असं धरणं चूक आहे.

मग १५ मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमचा बंद कंस मिल करून बसवला. टेकणाऱ्या जागेवरचा रंग खरवडला, फ्लँजखाली थर्मल पेस्टचा पातळ हात दिला. मोटर आणखी सात अंशांनी उतरली. पण दुसऱ्या दिवशी बेअरिंगच्या बैठकीची खोली ०.०३ मिलिमीटरने चुकली. पहिल्या तासात, हळूहळू. मोटरमधून काढलेली उष्णता कंसातून थेट बॉलस्क्रूच्या वरच्या बेअरिंगमध्ये उतरत होती. स्टील दर मीटरला दर अंशामागे साडेअकरा मायक्रॉन वाढतं. बेअरिंगपासून नटपर्यंत ४० सेंटिमीटर स्क्रू आठ अंशांनी तापला की ३७ मायक्रॉन झाले. मोटर सुखात आणि जॉब बिघडला! माझ्या कामात बेअरिंगची बैठक मोटरपेक्षा महत्त्वाची आहे. झेडवर मी परत खांब लावले, पंखा ठेवला आणि ॲल्युमिनियमचा कंस एक्सला दिला, कारण तिथे उष्णताच नगण्य आहे. ज्यांचं काम फक्त बाह्यरेषा कापायचं आहे त्यांनी झेडलाही बिनदिक्कत जाड ॲल्युमिनियम वापरावं.

पंख्याचं तोंड मागून पुढे, म्हणजे एनकोडरकडून फ्लँजकडे, असं ठेवलं आहे. थंड हवा आधी नाजूक टोकाला मिळते आणि धातूचा चुरा त्या बाजूला साचत नाही. ड्राइव्हना मात्र मोकळी हवा द्या. पहिल्यांदा मी तिन्ही एका बंद पत्र्याच्या पेटीत एकमेकांना चिकटवून लावले होते. आता मधे चार बोटं अंतर आहे आणि पेटीला खाली-वर जाळ्या आहेत.

आजचा आकडा, दोन तास ड्रिलिंगनंतर, खोलीत २८ अंश असताना: झेड ४४, एक्स ३३, वाय ३४. तळहात हवा तितका वेळ ठेवा.

पुन्हा घेईन का? झेडसाठी हीच, ब्रेकसकट. एक्स आणि वायला ७५० वॅटची गरज नव्हती. त्यांचा सरासरी भार १५ टक्क्यांच्या वर जात नाही. ६० मिलिमीटर फ्लँजच्या ४०० वॅटच्या मोटरींनी तेच काम केलं असतं आणि टेबलाच्या टोकाला लटकणारं वजन कमी झालं असतं. मोटरला पाचपैकी पाच, मॅन्युअलला दोन.

तीन आठवडे घासलेल्या त्या अस्तराचं काय झालं असेल ही शंका माझ्या मनातून गेलेली नाही. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गॅस स्प्रिंग सोडतो, डोक्याखाली ठोकळे बोटभर अंतरावर ठेवतो, डायलचा काटा डोक्याला टेकवून शून्यावर आणतो आणि वीज बंद करून दहा मिनिटं बघत बसतो. ५५ किलो फक्त त्या ब्रेकवर. दहा महिने झाले, काटा अजून हललेला नाही.